चिंचेनं घासलेली राणी

राजुऱ्याच्या बसस्टँडवर सोमाजीच्या शेजारी खुर्शीदाबाई मांडीवर डबा दाबून बसल्या होत्या. लेक फरहा त्यांना खेटून होती.

“प्रदर्शनात मांडाचे हायेत म्हनून तुह्या अब्बाचे राणीछाप पैसे चिंचेनं घासले म्या. सोन्यावानी चमकून राह्यले.”

“अम्मी! जुन्या तांब्याचा काळेपनच तर पाह्यतेत तिथी. घासलेल्याले कोनी इचारत नाई.”

“मले काय मालूम? आता कसं सांगू त्याह्यले?”

“चूप, अब्बा आले.”

मन्सूरभाई आले आणि डबा घेऊन सोमाजीकडे वळले.

“पाहा ना भाऊ, इंग्रजाच्या जमान्यातले हायेत. जिंदगीत कदी पान्याचा हात लागू देल्ला नाई.”

खुर्शीदाबाई सोमाजीकडे बघत राहिल्या.

“चश्मा घरी राह्यला, भाऊ,” नाकावरचा चष्मा सावरत सोमाजी म्हणाला.