कुठं लागलंय का?

प्रतिज्ञापत्रासाठी सकाळपासून श्रीगोंद्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळलेल्या अश्विनीच्या बाकावर दोघी नणंद-भावजया येऊन टेकल्या. भावजय कोर्टातून बाहेर आली होती, नणंद गावाहून जेवणाचा डबा घेऊन.

"वैनी, काय झालं आत? माझ्या भावाला लई बोलले का साहेब?"

"न्हाई वो वन्सं. अहो-जाहो केलं. पान्याच्या पाळीवरनं शेजाऱ्याचं डोकं फोडलं, तरी अहो-जाहो."

"आन वकील?"

"सरकारनं दिला, फुकट. कशापायी धरलं तेबी समजावून सांगितलं. चोवीस तासांत साहेबाम्होरं आनायचा कायदाच हाय म्हनं."

"देव पावला."

"त्यास्नीच पावला. मग साहेबांनी इचारलं, पोलिसांनी मारलं का? घाबरू नका, सांगा. कुठं लागलंय का?"

"मारलं का वो दादाला?"

"बोट न्हाई लावलं कुनी. तरी दोनदा इचारलं. इतक्या मायेनं माझ्या बापानंबी मला कवा इचारलं न्हाई."

"वैनी, दादा कोठडीत, आन तुमी त्याचा हेवा करताय?"

"केला. वाटलं, आता साहेब माझ्याकडं वळत्याल. पदर सारखा करून हुबी राह्यले. तुमच्या भावानं बावीस वर्सांत कुठं कुठं मारलं, ते मनात जुळवत हुते."

आतून अश्विनीच्या नावाचा पुकारा झाला. ती जागची हलली नाही.

"मग?"

"पट्टेवाला म्हनला, मावशी, खाली बसा. तुमचं काय काम न्हाई हितं."