लंकाबाईची हाळी

थांबा, थांबा — तो कॉम्प्युटरचा पडदा जरा इकडं वळवा. मलाबी दिसू द्या. नाय, तुमच्यावर संशय नाय भाऊ, पण मेमरी कार्ड माझं, आवाज माझ्या बाईचा, आणि तुम्ही तिकडं तोंड करून काय करता ते मला नको कळायला? पलीकडचा दुकानदार म्हणला, ठेवून जा, उद्या या. ठेवून कसा जाऊ? हा सावळीराम म्हातारा झाला, खुळा नाय झाला. तुमच्याकडं आलो ते तुमची आई आमच्या गाडीवरून भाजी घ्यायची म्हणून.

हां, हे पहिलं. वाजवा. ‘मेथी घ्या, कोथिंबीर घ्या, आजची तोडलेली, मळ्यातली —’ ऐकलं? कसा खणखणीत. ही लंकाबाई, आमची मंडळी. एकदाच बोलली ती. आमच्या पोरानं, दीपकनं, मोबाईलवर घेतलं, ह्या कार्डात घातलं, कार्ड गाडीवरच्या भोंग्यात, आणि मग सगळा गंगापूर रोड भोंगा तेच ते बोलायचा. ती जाऊन दोन वर्षं झाली, हाळी बघा अजून तशीच. आता खालचं लावा. बघा — नुसती खरखर. त्याच्या खालचं तर उघडतच नाय. सात गाणी होती भाऊ तिथं. नातीला, आमच्या निकिताला झोपवताना म्हणायची ती, स्वतःच रचलेली, पोरीचं नाव घालून. सातच्या सात गेली आणि हाळी शाबूत. आपोआप जायचं तर सगळंच गेलं असतं ना? निवडून कसं जातं? कुणीतरी हात मारला. आणि कुणी, ते मला ठाऊक हाय.

सून माझी. साधना. तशी वाईट नाय, पण सारखं आपलं ‘बाबा, भोंगा बंद करा, बाबा, पोरगी झोपलीय.’ मी म्हणलं, हिला सासूचा आवाज खुपतो. तशात एक दिवस मी आंघोळ करून आलो तर कार्ड हिच्या मोबाईलमधे. काय करतेस? म्हणली, बघत होते. बघत होते! आणि गेल्या महिन्यात निकिताच्या वाढदिवसाला गाणी लावायला गेलो तर ही खरखर. मग काय राहिलं सांगा. सगळ्यांसमोर तिला म्हणलं, पोरीच्या डोक्यावर हात ठेव आणि शपथ घे, कार्डाला हात लावला नाय म्हणून. नाय घेतली. झालं की मग सिद्ध. दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन मनमाडला, माहेरी. दीपकबी गेला मागनं. जाऊ दे म्हणलं.

काय? कुणी पुसलेलं नाय? ते कशावरून? नाही, असं नाय चालणार, मला कळेल असं सांगा. हां... हां... म्हणजे भोंगा वाजला की कार्डातली हाळीची जागा वाचली जाते, आणि एक जागा वाचायची तर शेजारच्या जागांनाबी थोडा करंट द्यावा लागतो. थोडाच. पण हजारो, लाखो वेळा झालं की शेजारचं बिघडत जातं, आणि जे वाचतोय ते मात्र नीट राहतं. हे तर वाफ्यासारखं झालं — मेथीकडं जायला रोज एकाच वरंब्यानं गेलं की कडेची कोथिंबीर तुडवली जाते, मेथीला काय होत नाय. पण मग कार्ड बनवणाऱ्याला हे ठाऊक नसतं का? असतं? चांगलं कार्ड किती वेळा वाचलं ते मोजतं, आणि फार झालं की शेजारचं उचलून नव्या जागी ठेवतं? म्हणजे रोप हलवल्यागत. मग सारखंच का नाय हलवत? — बरोबर, सारखं हलवत बसलं तर मंद चालणार, झिजणारबी. रिकामा वेळ साधून हलवायचं. आणि आमचं हलक्यातलं, त्याला ती अक्कलच नाय. बरं.

पण लाखो वेळा कुठं? गाडी तर कधीच बंद केली. ती गेली तशी मी गाडी काढलीच नाय. भोंगा वाजायचा तो घरात. ओट्यावर ठेवायचो. सकाळी चहाला लावला की निजेपर्यंत. तीच हाळी, परत परत. गाणी नाय लावायचो मी, गाण्यात ती नातीशी बोलते. हाळीत कशी — सगळ्यांना बोलावते. मलाबी. असं वाटायचं, गाडीपाशी उभी हाय. आता ह्यात माझं काय चुकलं? ... असं बघू नका माझ्याकडं.

म्हणजे मीच. मीच तुडवलं म्हणता.

काय म्हणलात? एक प्रत काढून ठेवली असती तर वाचलं असतं? साधना तेच म्हणायची. बाबा, गाणी माझ्या मोबाईलमधे घेऊ द्या, निकिताला होतील. मी म्हणलं, इथनं तिथं नेलं की इथलं जातं, मला शिकवू नको. नाय जात? इथलं तसंच राहतं? ... मग त्या दिवशी कार्ड तिच्या मोबाईलमधे होतं ते... थांबा. बोलू नका जरा.

मी शपथ काय घ्यायला लावली? हात लावला नाय म्हणून. पुसलं नाय म्हणून नव्हे, हात लावला नाय म्हणून. आणि हात तर तिनं लावला होता. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं कसं बोलेल ती? अहो, सरळ बाई. मला दुसरं विचारायला काय झालं होतं?

फोन द्या तुमचा. माझ्यावरनं तिनं उचलला नाय तर? नंबर पाठ हाय मला. लावा. वाजतोय? द्या इकडं. आणि तुम्ही जरा बाहेर उभे राहा भाऊ. दुकान तुमचं हाय, माहितीय मला — दोनच मिनिटं. दार लोटून घ्या.

साधना... मी... बाबा बोलतोय.