एकाच हातची मशीन

कळंबच्या स्टँडवर राळेगावची गाडी लागायची होती. मागच्या बाकावर मावशी-भाची बोलत होत्या. मी पेपर उघडा धरला होता, वाचत मात्र नव्हतो.

"मावशी, त्या मोबाइलवरच्या लिलावात मी जुन्या शिलाई मशीनवर बोली लावली. आता मागे घ्यावी म्हणून राह्यली."

"काहून? बोली म्हणजे जबान असते, ममता. एकदा दिली का दिली."

"कारण खरं असलं तं मागे घेता येते. तसा नियमच हाय."

"कोणतं कारण?"

"आकडा चुकून टाकला असला तं."

"तुह्या हातून चुकला काय?"

"नाही. दोनदा पाहून टाकला."

"मंग खोटं नको लिहू. विकणारी बाई बिचारी आशेवर बसली असन."

"बाई हाय हे तुले कोणं सांगतलं? नाव तं लपवेल हाय."

"शिलाई मशीन हाय, म्हणून म्हटलं."

"आणखी एक कारण चालते. वस्तूची माहिती खोटी असली तं."

"त्या मशीनीत काय खोटं हाय? मक्खन चालते ते."

"तू चालवून पाह्यली काय?"

"अंदाजानं सांगून राह्यली वं."

"तिथं लिहिलं हाय, एकाच बाईनं वापरली, दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही."

"मंग?"

"मंग मी दोन उन्हाळे तुह्या घरी कोणत्या मशीनवर ब्लाउज शिवत होती?"

मावशीनं पिशवी उचलली.

"राळेगावची गाडी लागली वाटते."

"ते वर्ध्याची हाय, मावशी. बस."