सतरा तारखेचं मटण

पंचेचाळीस वर्षांपूर्वी मीही आखातातल्या देऱ्यात डबे करत असे. म्हणून अन्न तपासणाऱ्या लॅबच्या रांगेत पुढची डबेवाली आणि तिच्याकडे जेवणारा एक सायकलपटू बोलू लागले, तसे माझे कान तिकडेच लागले.

"मावशी, हे काय आणलंत?"

"सतरा तारखेचं मटण. रोजची एक वाटी तारीख घालून फ्रीझरला ठेवते मी. डोपिंग टेस्टमध्ये निघालेलं औषध मटणातून आलं म्हणालास ना?"

"म्हणालो, पण तुमचं नाव नाही घेतलं. यात सापडलं तर तुमचं लायसन्स खलास!"

"आणि नाही सापडलं तर तुझं सायकलिंग."

"मी काही घेतलेलं नाही, मावशी."

"मग घाबरतोस कशाला?"

"तुमच्यासाठी."

"अरे, त्या दिवशी चाळीस जण हेच जेवले. त्यांना मी काय वाढलं, ते मला नको कळायला?"