चुन्याखालची माती

(देवनहळ्ळी, १९५९. दुपारची वेळ. क्षमाच्या माहेरची ओसरी. सासूबाई कृष्णाबाई बेंगळूरहून आल्या आहेत.)

क्षमा : एकट्या आलात? तेही बसनं?

कृष्णाबाई : हयवदन बायकोला आणायला येतो म्हणत होता. मीच नको म्हटलं. नवऱ्याच्या घरातून तुला माहेरी धाडलं ते मी. मग बोलायला त्याला कशाला पुढं करू?

क्षमा : मी माहेरून आणलेल्या पेटीत वाळवी होती, आत्याबाई. तुम्ही खोटं बोलला नव्हतात. भुगा मीही पाहिला.

कृष्णाबाई : तेच सांगायला आले. ती वाळवी नव्हती.

क्षमा : मग काय होतं?

कृष्णाबाई : स्वल्प थांब, पहिल्यापासून सांगते. तू गेलीस, तुझी पेटी मी परसात काढली. म्हटलं, गेली पीडा. आठ दिवसांनी देवघराच्या चौकटीला बोट लावलं, तर बोट आत गेलं. पेटी बाहेर, तू बाहेर, आणि वाळवी घरातच. रॉकेल ओतलं. दोन दिवस गप्प बसली, तिसऱ्या दिवशी शेजारच्या भिंतीवर चढली. शेजारीण ठकुबाई म्हणाली, घरात वारूळ उठलं की तिथं नाग येतो, घर सोडावं लागतं. माझं जेवण सुटलं. आणि हयवदन तर बोलतच नव्हता माझ्याशी.

क्षमा : कधीपासून?

कृष्णाबाई : तू गेलीस त्या दिवसापासून. ताट घेऊन माडीवर जायचा. शेवटी धाकट्या गुंडोनं शिवाप्पाला आणलं. त्याचा मित्र, शेतीच्या कॉलेजात किड्यांचं शिकवतो. त्यानं आधी पेटी पाहिली. सुईच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा. म्हणाला, अम्मा, हा घुण, लाकूड पोखरणारा किडा. वाळवी असा भुगा पाडत नाही, ती माती आणते. तिला जमिनीची ओल लागते, कोरड्या पेटीत बसून ती गावाहून येत नाही.

क्षमा : मग आपल्या घरात आली कुठून?

कृष्णाबाई : जमिनीतून. त्यानं देवघरामागच्या भिंतीचा चुना चाकूनं खरवडला. आत मातीची नळी, जमिनीपासून थेट चौकटीपर्यंत. चुन्याच्या वर नाही, खाली.

क्षमा : चुना तर लग्नाच्या आधी लावलेला.

कृष्णाबाई : मी समोर उभी राहून लावून घेतला. भिंतीवरचा तो मातीचा ओघळ मी पाहिला होता, क्षमा. पावसाचा समजले. गड्याला म्हटलं, मार वरून चुना.

क्षमा : म्हणजे मी यायच्या आधीपासून.

कृष्णाबाई : कितीतरी आधीपासून. तुझ्या पायगुणाचं बोलले मी चार बायकांत. आता त्याच चौघींच्या घरी जाऊन खरं काय ते सांगून आले.

क्षमा : दोन महिने मी अण्णांकडे नीट बघितलं नाही. त्या पेटीचं फणसाचं लाकूड त्यांनी लेकीसाठी स्वतः निवडलेलं. रोज म्हणायचे, निवडताना माझंच चुकलं असणार.

कृष्णाबाई : त्यांचं काही चुकलं नाही. चुकले ती मी.

क्षमा : आणि घर? सोडायचं?

कृष्णाबाई : छे. एक चौकट बदलली, दोन फळ्या बदलल्या. वासे ठोकून पाहिले, ठणठणीत आहेत. भिंतीच्या कडेनं चर खणून औषध ओतलं. न्हाणीचं पाणी घराच्या पायाशी मुरत होतं, ते बंद केलं. नाग नाही, काही नाही. पेटीलाही औषध लावून ऊन दाखवलं, ती तुझ्या खोलीत ठेवली आहे.

क्षमा : छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटतंय. हसावं की रडावं, कळत नाही.

कृष्णाबाई : माझंही तसंच झालं. घरी चल, बाळ. चारची बस आहे.

क्षमा : येईन. पण अण्णा मळ्यातून संध्याकाळी येतात. हे सगळं त्यांना तुम्ही सांगा. मी सांगितलं, तर त्यांना वाटेल, मुलगी सासरची बाजू सावरते आहे.

कृष्णाबाई : बस जाईल की.

क्षमा : उद्या सकाळची आहे. तुम्ही आधी जेवा.

कृष्णाबाई : सरी, तसंच करू. वाढ. ते येईपर्यंत बसते मी.