ज्याचं अंग त्याने यावं

…नाही नाही, हात खाली घेऊ नका, असेच धरा — बटण लावायचंय हे माझ्या लक्षात आहे, बटण कुठं पळून चाललंय का — तुमची अंगकाठी बघितली आणि म्हटलं, पाच वाजेपर्यंत जरा टेप फिरवून घेऊ. सराव म्हणून. चाळीस वर्षं शिवणकाम करतोय आणि सराव कसला, असं मनात आलं ना तुमच्या? येऊ द्या. श्वास घ्या. मोठा घ्या — हां, आता धरून ठेवा. बघा, दोन इंच वाढलात. बाजा फुंकणाऱ्याचं माप असंच घ्यावं लागतं, भरलेल्या छातीचं. तिघांचं तसंच घेतलं होतं मी. सोडा, सोडा श्वास, जीव घ्यायचा नाहीये मला तुमचा.

तर त्याचं असं झालं — मागच्या महिन्यात एक उंच बाई आल्या दुकानात. सॅक्सोफोन वाजवतात. चौघांचा संच आहे, जॅझ वाजवतात, चौघांना एकसारखे काळे कोट हवेत. तिघं येऊन मापं देऊन गेले, चौथ्याने चिठ्ठी पाठवली. आता चिठ्ठीवर माप पाठवणारा माणूस मला आवडत नाही, पण ठीक आहे, उघडली चिठ्ठी. छाती चव्वेचाळीस. म्हटलं, शक्यच नाही, हा छत्तीसचा आहे. आता मला कसं माहीत? अक्षरावरून. हो, अक्षरावरून अंगकाठी कळते, जुन्या शिंप्याला कळते — म्हणजे वहीतही होतं म्हणा. जुन्या वहीत. मी छत्तीसनेच कापला. आमची ही म्हणाली, अहो, नऊ वर्षं झाली, माणूस वाढतो. मी म्हटलं, वहीत नाही वाढलेला. हात वर.

बाईंनी पहिल्या रांगेचा पास दिला होता. मी आपला कोट बघायला गेलो, दुसरं काही नाही. चौघं आले, उभे राहिले. एकाचा बाजा बारीक, सरळ, एकाचा जरा वाकडा, एकाचा त्याहून मोठा, आणि चौथ्याच्या गळ्यात — मोरीखालचा नळ असतो ना, तेवढा. मी बाज्याकडे बघत नव्हतो. मी पाठ बघत होतो. तिघांचे कोट पाण्यासारखे पडलेले, खांद्यावर एक सुरकुती नाही, आणि ह्याच्या बाह्या मनगटाच्या वर, बटणं ताणलेली, पाठीची शिवण अशी पांढरी पडलेली. म्हटलं, अरे देवा, हा चव्वेचाळीसच आहे की. आत शिवणीला दोन बोटं जादा कापड, माया ठेवली होती मी, पण दोन बोटांनी काय होतंय.

मग सुरू झालं. तिघं आपले सुटलेत, काय वाजवतायत त्यांचं त्यांना ठाऊक, आणि हा दोन सूर काढतो आणि थांबतो, दोन काढतो आणि थांबतो — कारण तिसऱ्या सुराला श्वासच पुरत नाही. माझ्या शेजारी एक चष्मेवाले गृहस्थ होते, ते डोळे मिटून बायकोला म्हणतात, काय संयम आहे. संयम कसला, कोट आवळतोय त्याला. पण सांगणार कुणाला? मग तिघं एकदम थांबले, दिवा फक्त ह्याच्यावर, आणि मला कळलं की हा आता मोठा श्वास घेणार. शिंप्याला कळतं हो, आधी खांदे उचलतात. मी उभा राहिलो. भर सभागृहात. म्हणालो, घेऊ नकोस, बाळा. आता बाळा का म्हणालो — वय झालं की येतं तोंडात कुणालाही. त्याने बघितलं माझ्याकडे. बघितलं, आणि घेतला. कॉलरपासून खालपर्यंत — टर्र. बाजा राहिला बाजूला, सगळ्या सभागृहाने ऐकली ती ही टर्र. आणि मग टाळ्या. उभं राहून टाळ्या. चष्मेवाले रडले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, चौथ्या वादकाने पाठीतून काढलेला सूर कायमचा लक्षात राहील.

इथवर एक वेळ ठीक होतं. सोमवारी बाई पुन्हा हजर. शनिवारी पुन्हा कार्यक्रम आहे, लोक फक्त त्या टर्रसाठी येतायत, तेव्हा चार नवीन कोट हवेत — एकामागून एक, ठरल्या जागी, ठरल्या वेळी उसवणारे. मला सांगा, मी जन्म घालवला शिवण उसवू नये म्हणून. तरी रात्री कातरण घेऊन बसलोच. सुती कापड किंचाळतं, लोकर खर्जात जाते, अस्तरासकट फाडलं तर दोन सूर येतात — ही बसली होती समोर कानात बोटं घालून. बाईंना म्हटलं, शिवतो. पण ज्याचं अंग त्याने यावं. चिठ्ठी चालणार नाही. शुक्रवारी, पाचच्या आत.

आज शुक्रवारच आहे. वाजले किती — पाचला सात कमी. नाही, तुम्ही थांबा. चांगले उभे आहात. तिथं बघताय ना, आरशाशेजारच्या मशीनकडे? ते त्याचं होतं. चौदाव्या वर्षी काज करायचा असं, की उलटं-सुलटं ओळखू येऊ नये. आणि मग तो नळ घेऊन आला घरी. मी म्हणालो, फुंकून पोट भरत नसतं. म्हणालो ते म्हणालो, वर तो बाजा उचलून बाहेर पायरीवर ठेवला. ठेवला म्हणजे — टाकला. पोचा पडला त्याला. त्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसलो होतो ना, तो पोचा अजून आहे, खाली, वळणाशी. त्याने काढून घेतला नाही. का नसेल घेतला? बाजा बिघडत असेल काढला तर. असंच असणार काहीतरी.

येणार नाही तो. आला नाही तर मी काय करू सांगा — पुन्हा छत्तीसने कापू? चव्वेचाळीसने कापला तर नीट बसेल, आणि नीट बसला तर फाटणार नाही, आणि फाटला नाही तर पुन्हा माझ्याकडे कशाला कोण —

जरा गप्प बसा. नाही, तुम्ही बोलत नव्हता, मीच बोलत होतो.

तुम्ही या आता. बटण उद्या लावतो. दार उघडंच ठेवा, ते बाहेर उभे आहेत त्यांना आत येऊ द्या, त्यांच्याकडे मोठी पेटी आहे — सांभाळून, चौकटीला लागेल.

ये. ठेव ती तिथं, मशीनवर ठेव. हात वर कर.

श्वास घे. घे की, भरपूर घे.