पिवळं पान

मंडळी, आज कीर्तनात एकच प्रश्न विचारतो. थांबायचं कुठे, हे कुणी ठरवायचं? आपण, की देवानं? अहो पाटणकर, आत्ताच मान कसली डोलवता? मी अजून काही बोललोच नाही!

तर ऐका. गोव्याला नदीत, धक्क्याला लागून, एक जुगाराची बोट उभी असते. कॅसिनो हो! हसलात? कोण कोण जाऊन आलंय ते हसण्यावरून कळतं बरं! त्या बोटीवर गेला प्रभाकर आरोंदेकर. वीज मंडळातला माणूस, डोकं तल्लख. नुकतंच लग्न झालेलं. बायको शैलजा धक्क्यावरच्या बाकावर बसली, केसांत अबोलीची वेणी. म्हणाली, "अहो, लौकर या हं. एकटीला करमायचं नाही मला."

"एक गड्डी संपली की आलोच! ऊन उतरायच्या आत!"

आता हा नुसता जुगारी नव्हे — हिशोबी! शिकून आलेला. ब्लॅकजॅक म्हणजे काय? पानांची बेरीज एकविसाच्या जवळ न्यायची, पण ओलांडायची नाही. दुर्रीपासून छक्कीपर्यंत लहान पान पडलं, की मनात एक मिळवायचा. दश्शी, चित्र, एक्का पडला, की एक वजा. आकडा चढला म्हणजे मोठी पानं अजून आतच आहेत! मग डाव वाढवायचा — पैशांऐवजी चकत्या लावतात तिथे, एकाच्या दोन, दोनाच्या चार. आकडा उतरला की हात आखडता घ्यायचा. सोपं वाटतं ना? त्यालाही वाटलं!

पत्ते वाटणारा पांढऱ्या हातमोज्यांतला. आवाज गोड. "सर, मोबाईल बंद ठेवा. मधेच उठलात, तर नवी गड्डी येईपर्यंत परत बसता येणार नाही. चकत्या आमच्याकडून, हव्या तेवढ्या घ्या."

"फुकट? एक चकती कितीची?"

"उठताना कळेल, सर. आणि हे पान—" त्यानं एक कोरं, पिवळं पान प्रभाकरच्या हातात दिलं. "हे गड्डीत तुम्हीच घालायचं. कुठेही घाला. ते निघालं की खेळ थांबतो."

एवढ्यात समोर पहिलं पान पडलं — तिर्री! अधिक एक! मग दुर्री. चौकी. पुन्हा तिर्री! आकडा चढतोय, मंडळी! प्रभाकर दोन लावतोय, चार लावतोय, आठ लावतोय. हरतोय, पण खुशीत! का? मोठी पानं आतच आहेत ना! आता येतील, आत्ता येतील... आणि पडतेय पंजी.

तिथे खिडकी नाही. घड्याळ नाही. आवाज नाही. सहज त्यानं शेजाऱ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते, तोही मोजत होता. पण त्याच्या कोपरापासून टेबलापर्यंत... कोळ्याचं जाळं!

प्रभाकर ओरडला, "अहो, ते पिवळं पान निघत का नाही?"

हातमोजेवाला हसला. "निघेल कसं, सर? ते तुमच्याच हातात आहे."

डावी मूठ उघडली — पिवळं पान! घामानं ओलं, दुमडलेलं. सगळी पानं मोजणाऱ्यानं थांबायचं पान आत घातलंच नव्हतं! आणि मूठ उघडणारा तो हात... सुरकुतलेला, शिरा वर आलेला. कुणाचा हात हा?

धावला तो! बाहेर ऊन तसंच, लख्ख. धक्का तोच, बाक तोच. बाकावर एक म्हातारी बसलेली. केस पांढरेशुभ्र, त्यांत वाळून भुकटी झालेली अबोलीची वेणी. तिनं वर पाहिलं. रागावली नाही हो! रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आलात? ऊन उतरायच्या आत आलात हं."

चकती कितीची होती, कळलं का आता?

तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही कुठे बोटीवर जातो? नाही कसे जात! "दुकान जरा मार्गी लागू दे, मग आईजवळ बसेन." "हे एवढं होऊ दे, मग देवाचं नाव घेईन." आकडा चढतोय, मोठं पान आतच आहे! आणि रोज जे पडतंय, आईची हाक, लेकराचं बोट, ते लहान पान म्हणून नुसतं मोजून सोडून देताय. देवानं थांबवायचं स्वतःकडे राखून ठेवलेलं नाही हो. ते पान त्यानं आधीच तुमच्या हातात दिलंय.

बघू, मुठी उघडा सगळ्यांनी. आत्ता, इथेच. लाजू नका, देवळातच आहात.

पाटणकर... तुमची डावी मूठ का हो मिटलेली?